अथेन्समधलं पडीक रान

ग्रीक लोक 'आभारी आहे' असं म्हणायचं असलं की 'एफखारिस्तो' म्हणतात. मी हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा वापरला तो आमच्या दूधवाल्यावर. चिखलीत, आमच्या फाटकापाशी, पिशव्या हातात घेता घेता. तो दचकला. म्हणाला, "काय झालं वहिनी, पिशवी फुटकी निघाली का?" मला हसू आवरेना. त्या दिवसांत मला कशाचंही हसू येत होतं. पोळी करपली तरी हसू, लाइट गेली तरी हसू. आम्ही युरोपात घर घेणार होतो!

सुरुवात झाली ती हायवेलगतच्या एका हॉटेलात. नवऱ्याला त्याच्या मित्राने बोलावलं होतं, नवरा मला घेऊन गेला. आमचं छोटं वर्कशॉप आहे. चाकणच्या कंपन्यांना लागणारे सुटे भाग बनवतो. मशिनं तो बघतो. ड्रॉइंग तपासणं, कोटेशन पाठवणं, कंपन्यांशी पत्रव्यवहार हे माझ्याकडे. हॉटेलच्या त्या हॉलमध्ये बसलेली निम्मी मंडळी आमच्यासारखीच होती. जुन्या गावातली, रान रस्त्यात नाहीतर टॉवरमध्ये गेलेली, बाहेर पांढऱ्या गाड्या लावून आलेली. पडद्यावर निळाशार समुद्र आणि पांढरी घरं. टाय लावलेला एक तरतरीत एजंट सांगत होता की ग्रीसमध्ये घर घ्या, तुम्हाला तिथे राहण्याचं कार्ड मिळेल. बायकोला, मुलांना, आईवडिलांनासुद्धा. घर आहे तोवर कार्ड वाढवून मिळत राहील.

मागून कुणीतरी विचारलं, "राव, म्हणजे आपण तिथले नागरिक होतो ना?"

"नाही सर. नागरिक व्हायचं तर बरीच वर्षं तिथं राहावं लागतं, भाषा शिकावी लागते, परीक्षा द्यावी लागते."

हॉलमध्ये जरा निराशा पसरली. राहायचं? तिथं? समोस्याच्या बशा खाली ठेवून लोक एकमेकांकडे बघायला लागले. मी मात्र ताठ बसले. तोवर मी समुद्र बघत होते, आता ऐकायला लागले. माझं माहेर पिंपरी आणि सासर चिखली. एवढाच माझा परदेश. आणि हा माणूस सांगत होता की एका देशात जाऊन राहता येतं, त्यांची भाषा बोलता येते, आणि मग ते आपल्याला आपलं म्हणतात.

गाडीत नवरा खुशीत होता. म्हणाला, "घेऊन ठेवू. वांधा काय?"

हे 'घेऊन ठेवणं' म्हणजे आमच्या गावाकडचं आवडतं क्रियापद. पैसा आला की काहीतरी घ्यायचं आणि ठेवायचं. रहाटणीत आमचा एक फ्लॅट आहे, घेऊन ठेवलेला. त्याच्या कुलपाला तेल घालायला मी वर्षातून एकदा जाते. आणि चाकणच्या पलीकडे रानाचा एक तुकडा आहे, तो सासऱ्यांनी घेऊन ठेवला होता. चिखलीचं रान रस्त्यात गेलं तेव्हा आलेल्या पैशांतून. सासरे गेले, त्या तुकड्यावर सासूबाईंचं आणि नवऱ्याचं नाव लागलं, पण तिथं कुणी नांगर घातला नाही. घाणेरी माजली. शेजाऱ्याने दरवर्षी थोडा थोडा बांध कोरला आणि कडेची एक पट्टी गिळून टाकली. सासूबाईंना ते अजून सलतं. त्यांच्यापुढे त्या रानाचं नाव काढलं की त्यांचा पदर खोचला जातो.

आता तोच तुकडा विकून ग्रीसचं घर घ्यायचं ठरत होतं. म्हणजे सासूबाईंची सही लागणार होती. नवऱ्याला वाटत होतं अडचण तेवढीच आहे. माझी अडचण वेगळी होती. सगळ्यांपुढे मी मुलीच्या कॉलेजचं निमित्त करत होते. ती अकरावीत आहे, निमित्त चांगलं होतं. पण खरं सांगायचं तर मला स्वतःला जायचं होतं. तिथल्या बाजारात पिशवी घेऊन हिंडायचं होतं, चुकतमाकत बोलायचं होतं, ट्रॅममध्ये बसून कामाला निघाल्यासारखं कुठेतरी जायचं होतं. आणि नवऱ्याच्या 'घेऊन ठेवू'मध्ये 'जाऊ' कुठेच नव्हतं. कार्ड येईल, कपाटात जाईल, दिवाळीला कुणी आलं की बाहेर काढून दाखवलं जाईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. पण मी बोलत नव्हते. फोनवर ग्रीक शिकत होते आणि दूधवाल्याला छळत होते.

सासूबाईंना मी सांगितलं तेव्हा त्या मागच्या वाफ्यात मेथी उपटत होत्या. आमच्या घरामागे अजून एवढा एक वाफा शिल्लक आहे, तीन बाजूंनी टॉवर. टॉवरमधल्या बायका बाल्कनीतून ओरडून जुड्या सांगतात. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रान सपाट हाय का?"

"आई, रान नाही. फ्लॅट आहे. तिसऱ्या मजल्यावर."

"बरं, मग शेजारी कोण हाय?"

मला वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर जमीन विकायची नाही म्हणून हटून बसतील. शेजाऱ्याची चौकशी माझ्या ध्यानीमनी नव्हती.

पुढच्या आठवड्यात टायवाला एजंट घरी आला. मी कांदाभजी केली होती आणि उगाचच दोनदा साडी बदलली होती. त्याने टेबलावर चकचकीत पुस्तिका मांडल्या. सासूबाई समोर खाली मांडी घालून बसल्या. त्यांनी पुस्तिकेला हात लावला नाही.

"पाणी कवा येतं?"

"आजी, चोवीस तास. युरोप आहे."

"खालच्या अंगाला कोण राहतं? वरच्या अंगाला? भित्ताडाला भित्ताड कुणाचं?"

"आजी, ते... तिथं असं कुणी विचारत नाही."

"मी विचारती की." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "चार बाजूंचे शेजारी बघितल्याबिगर आमच्यात कुणी सौदा करीत न्हाई. ह्याच्या बानं एकदा बघितलं न्हाई, त्याचं काय झालं ठावं हाय ह्येला."

नवरा म्हणाला, "अगं आई, तिथं कोण बांध कोरणार आहे?" पण सासूबाई ऐकेनात. शेजाऱ्याशी बोलल्याशिवाय कागदाला हात लावणार नाही म्हणाल्या. एजंट बिचारा हादरला. त्याने आजवर किती घरं विकली असतील देव जाणे, पण शेजारी कुणी मागितला नव्हता. मला मात्र आतून गुदगुल्या होत होत्या. सासूबाईंनी प्रश्न विचारले की ते घर खरं वाटायला लागायचं. माझ्यासाठी तोवर तो पडद्यावरचा समुद्रच होता.

ठरल्या दिवशी दुपारी तो पुन्हा आला आणि त्याने व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे त्यांचा अथेन्समधला माणूस होता, पंजाबी, हिंदी बोलणारा आणि ग्रीकही येणारा. त्याने आधी आमचं होऊ घातलेलं घर दाखवलं. रिकाम्या खोल्या, खिडकीत ऊन. मग जिन्यातून जाताना एकामागून एक दारं दिसली, सगळी बंद. त्याने आमच्या शेजारच्या दाराची घंटी वाजवली. काळा झगा घातलेली, सासूबाईंच्याच वयाची एक बाई बाहेर आली. गळ्यात दोरीला चष्मा. तिने फोन हातात घेऊन इतका जवळ धरला की आम्हाला नुसतं नाक दिसलं.

तिकडे अजून सकाळच होती, म्हणून मी जीव एकवटून 'सुप्रभात' म्हणाले, "कालिमेरा!"

तिकडे ती बाई एकदम खुलली आणि घडाघडा बोलायला लागली. मला एक अक्षर कळलं नाही. माझे कान तापले, पण मी इतकी खूश होते की मुलीचा दंड घट्ट धरून ठेवला होता. बाईने आम्हाला तिच्या बाल्कनीत नेलं. कुंड्याच कुंड्या.

"तुळस हाय की!" सासूबाई गुडघ्यांवर उठल्या.

ती आपली तुळस नव्हती, तिची चुलत बहीण म्हणावी अशी होती. पण मी काही बोलले नाही. मग सासूबाईंनी ताज्या मेथीची जुडी फोनसमोर धरली, तिकडे बाईने डोळ्यांवर चष्मा चढवला, आणि दोघी आपापल्या भाषेत पाल्यावर बोलत बसल्या. पंजाबी माणूस भाषांतर करायचं सोडून हसत होता.

मग बाई काहीतरी बोलली आणि तो हसायचा थांबला. म्हणाला, "माताजी पूछ रही हैं, आप लोग आओगे, या फिर ताला ही रहेगा?"

त्याने पुढचं सांगितलं. तिच्या शेजारचं, म्हणजे आम्ही घेणार होतो तेच घर आधी एका परदेशी माणसानेच घेतलं होतं. तो एकदाही राहायला आला नाही. वरचं घर तसंच, खालचंही तसंच. हिवाळ्यात बाई तापाने पडून होती, तर दार वाजवायला पूर्ण इमारतीत माणूस नव्हतं. टायवाल्याने घाईने कॉल संपवायला हात पुढे केला, पण सासूबाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. "थांब की रं."

मग त्या आपल्या मुलाकडे वळल्या. "कसणार कोण?"

नवरा हसला. "आई, काय कसायचंय तिथं? घेऊन ठेवायचं. भाव वाढला की बघू."

"म्हंजी पडीक."

"अगं, तसं नाही—"

"तसंच हाय. हिकडं एक पडीक, ते इकून तिकडं दुसरं पडीक. मी सही करीत न्हाई." त्या उठल्या आणि मेथी घेऊन स्वयंपाकघरात निघाल्या.

टायवाला नवऱ्याकडे बघत होता, नवरा माझ्याकडे. फोनवर ती म्हातारी अजून वाट बघत होती, तिला काय चाललंय ते कळत नव्हतं. आता नाही बोलले तर मी रहाटणीच्या कुलपाला तेल घालत म्हातारी होणार, एवढंच मला सुचलं.

"मी," मी म्हणाले. "मी कसणार."

सासूबाई उंबऱ्यात थांबल्या.

"मी जाऊन राहणार. पोरीला घेऊन. कोटेशन तिथूनही पाठवता येतात, ड्रॉइंग तिथूनही तपासता येतात. हे येत-जात राहतील. मला तिथं राहायचंय आई. सुरुवातीपासून मला राहायचंच होतं."

मुलगी टाळ्या पिटायला लागली. मग नवरा हळूच म्हणाला, "आणि मला डबा कोण देणार?" मला कळलं की तो चिडलेला नाही. घाबरलाय.

"डबा मी दीन की," सासूबाई म्हणाल्या. त्या परत येऊन मांडी घालून बसल्या. टायवाल्याला त्यांनी विचारलं, "घर हिच्या नावावर घेता येतं का?"

"येतं ना आजी. मॅडम मुख्य अर्जदार होतील, सर त्यांच्यासोबत."

"मग घाल हिचं नाव. ऱ्हाणार ही, तर नाव बी हिचंच लागंल." आणि फोनकडे हात करून म्हणाल्या, "त्या बाईला सांग, येतिया."

मी स्वतःच सांगितलं, ग्रीकमध्ये. 'येते' आणि 'एफखारिस्तो', एवढंच. पलीकडे म्हातारीने छातीवर हात ठेवला.

तुकड्याचा व्यवहार गेल्या महिन्यात झाला. रजिस्ट्रेशन ऑफिसात गर्दी होती, बाकावर आम्ही तिघं चिकटून बसलो होतो. सासूबाईंनी जपून, एकेक अक्षर जोडत सही केली, अंगठा दिला, फोटो काढून घेतला. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो. अथेन्सचे कागद तिकडे पोचले आहेत, आता नुसती वाट बघायची. मी फोनवर रोज त्या घराचा रस्ता बघते. कोपऱ्यावर बेकरी आहे, तिचं नाव आता मला वाचता येतं.

रस पिता पिता मी सासूबाईंना विचारलं, "आई, घर माझ्या नावावर का घ्यायला लावलंत? यांच्या नावावर घेऊनही मी राहिले असते की."

त्यांनी अंगठ्याची शाई पदराला पुसली. "माझं नाव सातबाऱ्यावर लागलं ते तुझा सासरा गेल्यावर. तवर आयुष्यभर त्या रानात राबले, पर कागदावर मी न्हवतेच. तुला तेवढं थांबवायचं न्हवतं."

नवरा ग्लास तोंडाशी नेता नेता थांबला. "म्हणजे मी जायच्या आधीच?"

"व्हय," सासूबाई म्हणाल्या. "तू बी हायेस तवर बघ की कसं दिसतंय ते."

तो खो खो हसला आणि त्याने आणखी तीन ग्लास सांगितले. मी हसले नाही. मी सासूबाईंचा शाईचा अंगठा हातात धरून रस्त्यावरच रडले.