कॅल्क्युलेटरला हळदीकुंकू

मी गणिताची बाई. आवाज मोठा, राग त्याहून मोठा, आणि चूक कबूल करायची वेळ आली की माझा घसा बसतो.

आमची शाळा नाशिकहून वणीकडे जाताना लागते, दोन्ही अंगांना द्राक्षबागा. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता परदेशात इंजिनिअर आहे. तिने शाळेला आलेख काढणारा एक कॅल्क्युलेटर पाठवला. त्यात बिंदूंचे निर्देशक भरायचे, एक बटण दाबायचं, की बिंदू पडद्यावर आपापल्या जागी बसतात आणि रेघांनी जोडलेही जातात. मी जन्मभर फळ्यावर पट्टीने अक्ष आखत आले. पट्टी सरकली की अख्खा तास तिरका. ते यंत्र पाहून मला भरूनच आलं. तिने लिहिलं होतं, मुलांनी खरंच वापरला तर सगळ्या वर्गासाठी पाठवीन. मला ते हवे होते. इतका हव्यास मी सोन्याच्या बांगड्यांचाही केला नव्हता.

पण एवढी किमती वस्तू मुलांच्या हातात द्यायची? आमची मुलं कंपासपेटी महिनाभर धड ठेवत नाहीत. मी तो काचेच्या कपाटात ठेवला, कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. तिने मेसेज करून विचारलं, मुलं वापरतात का? मी लिहिलं, रोज त्याच्याभोवती गर्दी असते. आता यात खोटं काय होतं? गर्दी असायचीच, काचेबाहेर.

संक्रांतीपर्यंत कपाट उघडलं ते एकदाच, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला. त्या दिवशी आमचे शिपाईमामा शाळेतली सगळी हत्यारं-अवजारं पुजतात. घंटेचा हातोडा, गवताचा विळा, प्रोजेक्टर, सगळ्यांना हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल. या वर्षी मधोमध कॅल्क्युलेटर बसला. किल्ली मीच काढून दिली होती.

संक्रांतीच्या आठवड्यात ती गावी आली आणि शाळेत येते म्हणाली. आदल्या दिवशी मी नवे सेल घातले, पडदा उजळला, म्हटलं झालं काम. दाखवायला पतंग निवडला. वर शून्य, चार. उजवीकडे तीन, शून्य. खाली शून्य, उणे चार. डावीकडे उणे तीन, शून्य. आणि परत वर. हे जोडले की पतंग तयार, यात चुकायला जागाच नाही.

हेडसरांनी तिला शाल-श्रीफळ दिलं आणि आम्ही वर्गात गेलो. ती माझ्या खांद्याशी उभी राहिली, मुलं बाकांवर चढली. तिच्यासमोर म्हातारं दिसायचं नव्हतं, म्हणून चष्मा मी मुद्दाम लावला नव्हता. मोठ्याने आकडे म्हणत मी बटणं दाबली आणि ऐटीत यंत्र वर धरलं.

पडद्यावर एक तिरकी रेघ आली. एकच.

मागून कोणीतरी म्हणालं, पतंग फाटला, काडी राहिली. वर्ग खो खो हसत सुटला. मी पुन्हा सगळं भरलं, पुन्हा काडीच. हेडसर म्हणाले, रेंज नसेल. तेव्हा तिने ते माझ्या हातून हळूच घेतलं, डोळ्यांजवळ धरलं आणि उण्याच्या बटणाची कड नखाने खरवडली. लाल-पिवळी खपली निघाली. बटण जागच्या जागी घट्ट बसलं होतं. उणे चिन्ह पडतच नव्हतं, त्यामुळे खालचा बिंदू वरच्या बिंदूवर आणि डावीकडचा उजवीकडच्यावर जाऊन बसला होता. पतंगाची घडी होऊन रेघ उरली होती.

झालं. मी मामांना बोलावलं आणि मुलांदेखत असं तोंडसुख घेतलं की विचारू नका. अक्कल कुठे गहाण ठेवलीत, इथपर्यंत गेले. मामांनी वाकून ते बटण पाहिलं.

"बाई, आजूबाजूच्या बटनांवर लय काय काय लिवलेलं हाय," ते म्हणाले. "ह्या एकावर नुसती बारीक रेघ. मोकळं दिसलं, म्हणून तिथं लावलं. वरून नारळाचं पानी शिंपडलं. पूजेत काय चुकलं का?"

पूजेत काहीच चुकलं नव्हतं. मी पुढचं वाक्य जुळवत होते, तेवढ्यात तिने खपली बोटावर धरून मामांना विचारलं, की हे खंडेनवमीचंच ना? मामा हो म्हणाले. मग ती माझ्याकडे वळली.

"म्हणजे बाई, तेव्हापासून हे बटण कोणी दाबलंच नाही?"

एवढं गणित मलाही येतं. मामांना जे जे बोलले होते, ते सगळं मलाच लागू होतं, आणि ऐकणारी मुलं तीच होती. घसा बसलाच, पण बसक्या आवाजात मी सांगून टाकलं, की मुलं मोडतील म्हणून दिला नाही, आणि मेसेजमध्ये थापा मारल्या. मामांची माफीही तिथेच मागितली.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाली, "दहा पाठवले तर दहांची पूजा होईल, बाई." मग वाकून नमस्कार केला आणि गेली. बाकीच्या कॅल्क्युलेटरांचं नावही काढलं नाही. मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढलं, जीव मुठीत धरून कॅल्क्युलेटर पहिल्या बाकावर ठेवला आणि म्हटलं, घ्या. मामांनी सुईने ते बटण कोरून पाहिलं, हलेना. पण वजाबाकीचं बटण वेगळं होतं आणि ते चालत होतं. अर्ध्या तासात मुलांनी वाट काढली: उणे तीन हवेत ना, मग शून्यातून तीन वजा करा. पतंग उभा राहिला. मग मासा, मग देवळाचा कळस, मग हेडसरांचं नाक. नाक इतकं हुबेहूब आलं होतं की मी ते पुसायला जरा वेळच लावला.

उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत त्याची पार दशा झाली. दोनदा बाकावरून पडला, कोपरा फुटला, आकडे झिजले, सेलचं झाकण रबर बँडने बांधावं लागलं. प्रत्येक वेळी माझ्या काळजात चर्र झालं आणि प्रत्येक वेळी मी तोंड बंद ठेवलं. शेवटच्या दिवशी मी त्याचा, न पुसता, फोटो काढला आणि तिला पाठवला. खाली काही लिहायची हिंमत झाली नाही.

दोन मिनिटांत उत्तर आलं.

"बाई, वर्गात मुलं किती आहेत?"