पणतवाची टाळू विहीणबाईंनी भरली

सोमवारी सगळ्यात आधी आल्या त्या आमच्या विहीणबाई. म्हणजे माझ्या नातीची, पिंकीची सासू… पण मी विहीणबाईच म्हणते. पिंकी बाळाला घेऊन अकोल्याहून गाडीनं निघाली, तर या म्हणाल्या, एसीनं माहं डोकं धरते, मी एसटीनं येतो. आणि गाडीच्या आधी पोचल्यासुद्धा.

हे मी फोनमध्ये बोलते आणि फोन लिहून घेतो. शाळा माझी चौथीत सुटली, तेव्हा काना-मात्रा चुकली तर फोनला बोला.

खुब्याचं हाड मोडल्यापासून मी इथं अमरावतीला, म्हाताऱ्यांच्या संस्थेत राहते. सध्या फ्लूची साथ आहे ना… म्हणून आमची पंगत बंद, ज्याचं ताट त्याच्या खोलीत. भेटायला येणाऱ्यानं गेटापाशी हात धुवायचे, मास्क लावायचा आणि अंगणातल्या खुर्चीवर बसायचं. मला एकटीला घास उतरत नाही हो. बरं, खोलीत दम्याची इंदूबाई आहे, तेवढीच बोलायला.

तर विहीणबाई गेटात अडल्या. सिस्टरला म्हणतात, "आत काहून नाही सोडत? आमी का चोर आहो?" सिस्टर चांदूर बाजारची, तीही काही कमी नाही. म्हणाली, "चोर असते तर बरं होतं काकू, चोर दिसते तरी." विहीणबाई हात धुवायला नळाकडे वळल्या… मला भलतंच बरं वाटलं.

मग पिंकीची गाडी आली. बाळ चार महिन्यांचं, आणि मी त्याला फक्त व्हिडिओ कॉलवर पाहिलेलं. आमच्या घरात बाळ पहिल्यांदा भेटलं की घरातली सगळ्यात मोठी बाई त्याची टाळू भरते. कोमट तेलाचा हात डोक्यावरच्या मऊ जागेवर हळूच थोपटायचा… पिंकीची टाळू मीच भरली होती.

सिस्टरनं डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं. अंगणात, मास्क लावून, हात धुऊन, दोन मिनिटं घ्या म्हणाले. मी खोबरेल वाटीत काढून उन्हात ठेवलं, बोट घालून घालून पाहिलं, कोमट झालं का, झालं का… नवीन लुगडंही नेसले.

सकाळी सिस्टरनं रोजच्यासारखं विचारलं तेव्हा मी ठणठणीत होते. पण अंगणात बसले आणि चांगलं ऊन असताना अंगावर काटा यायला लागला. मला वाटलं, आनंदानं असेल. मग घशात टोचायला लागलं… आनंदानं घसा नाही टोचत.

पिंकीनं बाळ पुढं केलं. "घे आजी." मी हात पुढं केले… आणि मागं घेऊन पदरात गुंडाळले.

"नको बाई. मले बरं नाही वाटून राहिलं. थंडी वाजून राहिली."

विहीणबाई म्हणाल्या, "अवो, एवढ्यानं का होते? आमी तापात पोरं पाजली. दोन मिनिटाचं तर काम, घ्या." पिंकीनं बाळ तसंच पुढं धरून ठेवलं. तिला पुन्हा 'घे' म्हणायचं होतं, मला दिसत होतं.

मी म्हटलं, "पिंके, मांगं सर. विहीणबाई, तुमीच भरा टाळू. पण माह्या वाटीतलं तेल नको, त्यात माहा हात गेला."

विहीणबाईंनी पुन्हा साबणानं हात धुतले. पर्समधून बदाम तेलाची बाटली काढली, महागाची. मी पार भिंतीपर्यंत मागं सरले आणि तिथून सांगत होते… दाबू नका, नुसतं थोपटा. पिंकीच्या लग्नात या बाईनं माझं एक ऐकलं नव्हतं. आता दर थोपटीला मान वर करून विचारायच्या, "असं?" बाळानं मोठी जांभई दिली.

सिस्टरनं मला लगेच कोपऱ्यातल्या वेगळ्या खोलीत नेलं. नाकात काडी घालून तपासलं… तोच फ्लू निघाला. इंदूबाईला लागू नये म्हणून आधीच गोळी सुरू केली, ती अजून बरी आहे. बाळही बरं आहे, पिंकीचा रोज फोन येतो.

निघायच्या आधी त्या दोघी माझ्या खिडकीबाहेर आल्या. काच बंद होती, म्हणून मी आतून मास्क खाली केला, बाळाला तोंड दिसावं म्हणून. पाहिलं त्यानं माझ्याकडे, खूप वेळ पाहिलं… मग काच चाटायला लागलं, तर विहीणबाईंनी ओढलं मागं. "त्याले काय समजते," म्हणे… समजते हो.

आता ताट दाराबाहेर ठेवतात. स्टुलावर भांडं वाजलं की समजायचं, जेवायची वेळ झाली. इंदूबाई दोनदा फोन करते, पण तिला बोलताना धाप लागते, म्हणून मीच ठेव म्हणते. मग खिडकी असते. त्या पोराच्या ओठांचा डाग आहे काचेवर बाहेरून, सिस्टरला पुसू नको म्हटलं.

कोणी वाईट वाटून घेऊ नका, मी खुश आहे. माझा ताप माझ्यापाशी राहिला, याचंच बरं वाटतं…

विहीणबाई जाताना काचेबाहेरून मोठ्यानं सांगून गेल्या, "रविवारी येतो. तुमी बऱ्या राहा, तुमच्या हातानं टाळू भरसान तवाच खरी." सिस्टर म्हणते, आधी ताप उतरू द्या, मग बघू.

रविवारी येणार आहेत. आज बुधवार.