बैलाची सोयरी

ज्याच्याशी आपलं नातं निघत नाही असा जीव ब्रह्मदेवाने अजून घडवलेलाच नाही, अशी आमच्या शेजारच्या काकांची खात्री आहे. भाजी घेऊन ते आंजीहून वर्ध्याला निघतात तेव्हा एसटीचा कंडक्टर तिकीट विचारतो आणि काका त्याला गाव विचारतात. पिपरी मेघे येईस्तोवर तो त्यांच्या मावसभावाचा साडू निघालेला असतो आणि वांग्यांची पाटी त्याच्याच पायाशी विसावलेली असते. माझ्या कॉलेजच्या प्रवेशाला सोबत यायचा आमच्या घरात कुणाला धीर नव्हता. काका आले. खिडकीमागच्या बाबूची आत्या त्यांनी उभ्या उभ्या शोधून काढली आणि "आपलाच पोट्टा हाय" म्हणत माझा अर्ज आत सरकवला. घरातला पहिला पदवीधर मी झालो, त्यात त्या न पाहिलेल्या आत्याचा वाटा मी आजही मानतो.

प्राणिशास्त्र शिकल्यावर मी एकदा त्यांना सांगितलं, की चिचुंद्री उंदराच्या कुळातली नाहीच. खूप मागच्या पिढ्या पाहिल्या तर ती उंदरापेक्षा बैलाला जवळची, आणि उंदीर तिच्यापेक्षा आपल्याला जवळचा. पानाला चुना लावता लावता काका थांबले.

"म्हंजे उंदीर आपला?"

"तुमच्याच घराण्यातला असन," काकू आतून म्हणाल्या. "कामाले नाई, खायाले पुढं."

काकांना टोमणा ऐकूच गेला नाही. महिनाभर ते भेटेल त्याला बैलाची ही नवी सोयरीक समजावून सांगत होते.

मग गुडघे थकले आणि काकांनी बैलजोडी विकली. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्याने शेकतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. यंदा काका सवयीने लोण्याची वाटी घेऊन गोठ्यात गेले आणि रिकाम्या खुंट्यांपाशी नुसतेच उभे राहिले. मी मागोमाग गेलो होतो. तेवढ्यात काकू पिंजरा घेऊन आल्या. आत चिचुंद्री चिरचिरत होती.

"बादलीत बुडवा हिले. घरभर वास सुटला."

काका माझ्याकडे वळले. "काऊन बे, तू सांगत होता ते खरं हाय ना? बैलाची सोयरी?"

"खरं आहे काका, पण फार लांबची."

"लांबचीच तं आली. जवळचे गेले."

त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडलं. चिचुंद्री भिंतीच्या कडेकडेने पळाली आणि गव्हाणीखाली शिरली. दुखरा गुडघा टेकून काका खाली वाकले आणि अंधाराला म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

काकू रिकामा पिंजरा घेऊन आत गेल्या. दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात डोकावलो, तर गव्हाणीखाली पुरणपोळीचा तुकडा ठेवलेला होता. वर तूपही होतं.