गाईच्या पाठीवरचे डोळे

चित्रकलेच्या महाविद्यालयात आमचे एक सर होते. फळ्याकडे पाठ करून सांगायचे, "आपल्या जुन्या शिल्पकारांनी गाय कधी बघितलीच नाही. पोथीत सांगितली तशी कोरली. निरीक्षण पाश्चात्त्यांनी शिकवलं." सगळे लिहून घ्यायचे. माझं माहेर पनवेलजवळच्या ओवे गावचं, गोठ्यात वाढलेली मी. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या या माणसाला गोठ्याचा वास तरी माहीत होता का?

पुढे पनवेलच्या शाळेत चित्रकला शिकवायला लागले आणि पळस्प्याच्या पुढच्या एका गावात, विहिरीजवळ, मला तो दगड सापडला. धेनुगळ. देवाला जमीन दान दिली की आठ-नऊशे वर्षांपूर्वी असा गाय-वासराचा दगड रोवायचे. वासराने पुढचे गुडघे वाकवून कासेला ढुशी दिलेली, शेपूट वर. गाईने मागचा पाय जरासा मागे घेतलेला, कास मोकळी व्हावी म्हणून. मान पूर्ण वळवून ती वासराच्या शेपटीखाली चाटतेय आणि तिचा डोळा अर्धा मिटलाय. पान्हा सोडताना गाय अशीच दिसते. हे कुठल्या पोथीत लिहिलेलं असतं? ज्याने कोरलं तो गोठ्यात उकिडवा बसून बघत राहिला होता.

मी चित्रं काढली, सरांना नेऊन दाखवली. म्हणाले, "यात तुझी नजर आहे, त्याची नाही. दगड दाखव." म्हटलं, दाखवते. या माणसाला त्या दगडासमोर उभं करायचं, एवढंच मनात धरलं. दिवाळीनंतर ते पनवेलला परीक्षक म्हणून येणार होते.

ते येण्याआधी आपणच एकदा बघून यावं म्हणून गेले, तर दगड लालभडक. तेलात कालवलेल्या शेंदराचे थरावर थर. मान नाही, जीभ नाही, वासरू तर नाहीच. आणि चांदीचे दोन डोळे चिकटवलेले. एका बाजूने दिसेल अशा कोरलेल्या गाईला समोर बघणारे दोन डोळे बसणार कुठे? बसवले होते तिच्या पाठीवर!

विहिरीला लागून जिचं घर होतं ती म्हातारी कौतुकाने पुढे आली. तिची पहिलारू गाय वासराला लाथा मारायची, जवळ घेत नव्हती. म्हातारी या दगडाला नवस बोलली. गाईने वासरू घेतलं. तो नवस तिने फेडला होता.

"काढा ते डोळे!" मी ओरडलेच.

"बाय, डोलं नाय लावलं त देवी आमच्याकडं बगेल कशी?"

"तिला तुमच्याकडे बघायचं नाहीये! ती वासराकडे बघतेय! नवस तरी कशाचा बोललात तुम्ही?"

मी शेंदूर खरवडायला हात पुढे केला तशी ती आडवी झाली. "हात लावू नको. गाय व्हती तवा व्हती. आता देवी हाय." मला रडू फुटलं, संतापाने. तिच्या गोठ्यातली गाय त्या वेळी वासराला चाटत होती. तिच्याकडे बोट दाखवलं तर म्हातारी म्हणाली, "ती गायच हाय."

सर आले तेव्हा नेऊ नये असंच वाटत होतं. पण शब्द दिला होता. एसटी स्टँडवरून रिक्षा केली, वाटेत सगळं सांगितलं, शेंदराचंही. म्हटलं, सर, दगड झाकला गेलाय, पण शेजारी जिवंत गाय आहे, माझी चित्रं सोबत आणलीत, ताडून बघा. एवढं तरी करतील. आयुष्यभर निरीक्षणच शिकवलं होतं ना?

विहिरीपाशी आलो. म्हातारीची गाय दारातच बांधलेली, वासरू पीत होतं. तीच मान, तोच मागे घेतलेला पाय. मी घाईने चित्रं उलगडली.

"सर, इकडे बघा."

सरांनी चपला काढल्या होत्या. चांदीच्या डोळ्यांसमोर हात जोडून ते उभे होते, डोळे घट्ट मिटून.