पाकिटावरचं पूर्ण नाव

"आडनाव बघ की गं. मी नाही खाणार हे."

मराठीत होतं, म्हणून आवाज दबका नव्हता. नोएडातल्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मराठी कुणाला कळणार? त्या बाई शेजारी बसलेल्या जावेला म्हणाल्या, आणि हातातली अर्धी चकली टिश्यूवर ठेवली. दुसरा टिश्यू घेऊन बोटं पुसली. एकेक बोट.

मी त्यांच्या मागेच उभी होते, टॅब घेऊन. माझ्या बिल्ल्यावर फक्त पहिलं नाव. आमच्या ऑफिसात सगळ्यांचंच तसं. ही नोकरी मला आवडण्याचं ते एक कारण.

आमची कंपनी घरगुती पदार्थ विकते. आता प्रत्येक पाकिटावर क्यूआर कोड येणार होता. मोबाइलने स्कॅन केलं की सगळं कळणार. डाळ कुठली, तेल कुठलं, कधी तळलं, कुणी तळलं. करणाऱ्या बाईचा फोटो, नाव. गिऱ्हाइकांना हे पटतंय का, ती वापरतील का, ते बघायला सोसायटीतल्या काही बायकांना बोलावलं होतं. आमची टीम लीड मालविका प्रश्न विचारत होती. मी टिपून घेत होते. बोलणं माझं काम नव्हतं. म्हणून तर ते मला जमत होतं.

स्कॅन करण्याआधी त्या बाईंनी चकली आवडीने खाल्ली होती. पुन्हा घेतली होती. "अगदी आपल्याकडची चव आहे. दिल्लीत अशी भाजणी कुठे मिळते?" मी ते लिहून घेतलं होतं. मला आतून बरं वाटलं होतं, ते लिहिलं नव्हतं.

मग त्यांनी मोबाइल धरला आणि स्क्रीनवर माझी आई आली.

हिरवी साडी, ठेवणीतली. फोटोसाठी सरळ केलेली मान. खाली नाव. सुनंदा कांबळे.

बाबा निवृत्त झाले, सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सुटलं, आम्ही गाझियाबादला आलो. घरात बसून आईला करमेना. तिने आमच्याच कंपनीला चकल्या द्यायला सुरुवात केली. ती माझी आई आहे, हे ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. नोंदणी करताना मी म्हटलं होतं, "आई, नुसतं सुनंदा टाकू? छान दिसतं."

तिने कढईवरची नजर काढली. "का? बँकेत काय अर्धं नाव आहे माझं? पूर्ण टाक."

चाचणीची पाकिटं गेली तेव्हापासून रोज विचारत होती, "मला कुणी स्कॅन केलं का गं?"

आज केलं होतं.

 आणि समोरच्या खुर्च्या जाऊन तिथे गाय उभी राहिली.

मी तेव्हा लहान होते. दिवाळी. क्वार्टर्समधली मराठी घरं एकमेकांकडे फराळाची ताटं पाठवायची. आईच्या करंज्यांना कातण लावलेलं नसे. ती बोटांनी मुरड घालायची, वेणीसारखी. तशी मुरड दुसऱ्या कुणाची नव्हती. ताट घेऊन समोरच्या काकूंकडे मीच गेले. त्यांनी हसून घेतलं. थोड्या वेळाने खेळायला खाली उतरले, तर काकू गेटपाशी गाईसमोर उभ्या. हातात आमचं ताट. गाय करंज्या खात होती. तिच्या ओठाला आईची मुरड चिकटली होती.

काकूंनी मला बघितलं. जराही दचकल्या नाहीत. "गाईला आधी द्यावं लागतं गं बाळा."

ताट रिकामं होतं. मागे कुणासाठी काहीच उरलं नव्हतं.

वर गेल्यावर आईने विचारलं, "आवडल्या का काकूंना?"

मी मान हलवली. आईला बरं वाटलं.

ती गाय गेली नाही. कॉन्व्हेंटच्या शाळेत डबा उघडताना ती असायची. कॉलेजच्या कँटीनमध्ये असायची. कुणी माझ्या ताटातलं काही उचललं की मी त्याच्या तोंडाकडे बघत राहते, गिळेपर्यंत. मैत्रिणी म्हणतात, "यार, ऐसे क्यों देखती है?" मी काही सांगत नाही. हिंदी-इंग्रजीत ते सांगायला मला शब्द सापडले नाहीत. मराठीत सांगायला माणूस नव्हतं. मी शांत आहे, लाजाळू आहे, असं लोक म्हणतात. मी नजर ठेवून असते.

त्या दिवशी क्लबहाउसमध्येही होते. सगळ्याजणी स्कॅन करत होत्या. मालविका खूश. पण मी अंगठे बघत होते. डाळीवर कुणाचा अंगठा थांबला नाही. तेलावर नाही, तारखेवर नाही. सरसर खाली, नावापर्यंत. तिथे थांबला.

"पूरा नाम लिखा है, यह बहुत अच्छा है," पलीकडची एक बाई म्हणाली. "पता तो चले, किसके हाथ का है."

"एक्झॅक्टली!" मालविका म्हणाली. "यही तो ट्रस्ट है." मग तिचं लक्ष टिश्यूवरच्या अर्ध्या चकलीकडे गेलं. "मॅम, आपको पसंद नहीं आई?"

मराठी बाई गोड हसल्या. "नहीं नहीं, अच्छी है. बस वो फोटो... थोड़ी साफ नहीं लग रही."

त्यांची जाऊ खाली बघत ओठ दाबून हसली.

"हाँ, कोई थोड़ी साफ-सुथरी वाली लगाओ ना," दुसरी कुणीतरी म्हणाली. सगळ्या हसल्या. बाकीच्यांना काय चाललंय ते माहीतही नव्हतं. तरी हसल्या.

"बिल्कुल," मालविका म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "ये वाली प्रोफाइल अभी हटा दो. दूसरी लगाते हैं. रिपोर्ट में लिखना, फोटो क्लिअर नहीं थी."

टॅब माझ्याच हातात होता. मी आईचं पान उघडलं. कोपऱ्यातलं बटण दाबलं. स्क्रीनने विचारलं, नक्की काढायचं का?

तेवढंच काम होतं. अंगठा टेकवायचा. संध्याकाळी आई विचारेल, कुणी स्कॅन केलं का? मी मान हलवेन. तिला बरं वाटेल.

"चलो, जल्दी," मालविका म्हणाली.

"नहीं हटाऊँगी."

माझाच आवाज. मोठा होता. मालविकाने भुवया उंचावल्या. मी टॅब टेबलावर ठेवला, आईचा चेहरा वर करून, आणि त्या बाईंच्या समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी पर्स जवळ ओढली.

मग मी मराठीत बोलले.

"काकू, फोटो स्वच्छ आहे. तुम्ही आडनाव वाचलंत आणि चकली खाली ठेवलीत. तुम्ही जे बोललात ते मी आता यांना हिंदीत सांगणार आहे, आणि रिपोर्टमध्ये तुमच्याच शब्दांत लिहिणार आहे. ही माझी आई आहे. माझंही आडनाव कांबळेच आहे. हे नाव पाकिटावरून निघणार नाही. खाऊ नका, तुमची मर्जी. पण आमच्या हातचं खायचं असेल, तर यापुढे नाव वाचून खावं लागेल."