बाबांनी सुधारलेली फटफटी

आमच्या बाबांनी एका रेसच्या मोटारसायकलीत इतक्या सुधारणा केल्या, की शेवटी तिने पळणं सोडून दिलं.

यावरून कुणी बाबांना हसणार असेल, तर आधीच सांगून टाकतो की चूक माझी होती. बाबा मिलच्या विणाई खात्यात जॉबर होते. बिघडलेला साचा (मिलमध्ये मागाला साचाच म्हणतात) सुरळीत करून देणं हे त्यांचं काम. खात्यात शेकडो साच्यांचा एवढा खडखडाट, की कानांचा काही उपयोग नाही. म्हणून बाबा मशीनवर तळहात ठेवायचे आणि कुठे काय सैल झालंय ते सांगायचे. सव्वीस वर्षं हे चाललं. मग संप झाला, आणि नऊ महिने झाले तरी तो मिटायचं लक्षण दिसेना.

नऊ महिने तो तळहात रिकामा होता. लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत त्याला जे जे सापडलं ते बाबांनी खोललं. आधी भिंतीवरचं घड्याळ. ते फार टकटक करतं म्हणून त्यांनी त्याची टकटक काढली. तेव्हापासून ते अगदी शांतपणे दिवसाला चाळीस मिनिटं मागे पडू लागलं. मग स्टो. पूर्वी दहा मिनिटांत भात व्हायचा आणि स्टो भर्र आवाज करायचा. आता आवाज बंद झाला आणि भाताला पाऊण तास लागू लागला. बाबा स्टोजवळ बसून समाधानाने ऐकायचे, म्हणजे काही ऐकू येत नाही हे ऐकायचे.

शेवटी आईने मला जिन्यात गाठलं.

"अरे, बाबांका कसल्यातरी कामाक लाव," ती म्हणाली. "घड्याळ झाला, स्टो झालो. आता ते माझ्याकडे बघूक लागलेत."

नेमकी त्याच आठवड्यात माझ्या ताब्यात एक मोटारसायकल आली होती. मी चिंचपोकळीला नाईकशेठच्या गॅरेजमध्ये बदली होतो. कुणी आला नाही की त्या दिवसापुरता मी मेकॅनिक, एरवी मी घरी. शेठना एकच व्यसन होतं, मोटोक्रॉस. ज्या वाटेने बैलसुद्धा जायला तयार होणार नाही अशा वाटेने मोटारसायकल पळवायची, याला मोटोक्रॉस म्हणतात. ढिगारे चढायचे, त्यावरून उडायचं, खड्ड्यात पडायचं, चिखलातून बाहेर यायचं, आणि हे सगळं इतरांच्या आधी करायचं. शेठच्या नेहमीच्या रायडरचं मनगट मोडलं आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. माझी पात्रता एकच होती. माझं वजन पन्नास किलो होतं (संपाच्या आधी चोपन्न होतं).

"हलका आहेस," शेठ म्हणाले. "पुढच्या शर्यतीत पहिल्या सहांत ये, तुला गॅरेजमध्ये कायम करतो."

कायम! आमच्या घरात हा शब्द देवाच्या नावासारखा घेतला जायचा. बाबा मिलमध्ये कायम होते, आणि ते कायमपण नऊ महिने गेटबाहेर उभं होतं. घरात एक तरी माणूस कायम होणं किती गरजेचं होतं हे मी वेगळं सांगायला नको. मी जीव तोडून कामाला लागलो. दिवे काढले, मडगार्ड वर उचललं, पुढचे शॉकअप लांब आणि मऊ केले, इंजिनातलं फिरतं जड चाक कातून हलकं केलं, म्हणजे ॲक्सिलरेटर दिल्यावर गाडीने क्षणात उसळी घ्यावी. सायलेन्सर तर असा मोकळा केला की गाडी सुरू झाली की समोरच्या इराण्याचे कप वाजायचे.

मग शेठ भातकापणीला पंधरा दिवस गावी गेले. जाताना म्हणाले, "गाडी घरी ने. आता हिच्यात काही करू नकोस. फक्त साखळीचं मागचं दातेरी चक्र मोठं बसव, चढायला जोर येईल. शर्यतीच्या दिवशी मी परस्पर मैदानावर येतो."

मी गाडी चाळीच्या चौकात आणली आणि सुरू केली. बाबा गॅलरीतून बघत होते. ते खाली आले आणि त्यांनी टाकीवर तळहात ठेवला. त्यांचा चेहरा आजारी माणसाची नाडी बघितल्यासारखा झाला.

"ह्या फटफटीक हींव भरलाहा काय रे?" त्यांनी विचारलं.

"बाबा, रेसची गाडी अशीच थरथरते."

"थरथरता म्हणजे दुखणा आसा. मशीनान एका जाग्यार गप रवाक व्हया. सव्वीस वर्सां ह्याच केलंय, माका शिकवू नको."

इथे मला गप्प बसता आलं असतं. पण आईचं जिन्यातलं बोलणं आठवलं आणि मी म्हणालो, "बाबा, मागचं चक्र तेवढं मोठं करून द्याल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता चौकात तीन माणसं उभी होती. बाबा, त्यांच्या मिलमधले टर्नर तावडेकाका, आणि बॉयलर खात्यातले शिंदेमामा. तिघांनी मिलचे खाकी कपडे घातले होते. नऊ महिन्यांत ते कपडे मी पहिल्यांदा अंगावर पाहत होतो. साडेअकराला आई डबा घेऊन खाली उतरली. खोली पहिल्या मजल्यावर, जेवायला वर यायला बारा पायऱ्या. पण बाबांनी डबा चौकातच खाल्ला. पाळी चालू असताना वर कसं येणार, असं त्यांचं म्हणणं होतं.

संध्याकाळी चक्र तयार झालं होतं. इतकं सुरेख, की बाजारात मिळणार नाही. तावडेकाकांनी मेहुण्याच्या वर्कशॉपात लेथवर ते स्वतः काढलं होतं.

"छान झालंय, काका," मी म्हणालो.

हा शब्द मी परत घ्यायला आज काय हवं ते देईन. कारण तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात उद्याची पाळी ठरली.

त्या पाळीला शिंदेमामांनी इंजिनाखाली पत्रा बसवला. दगड लागू नये म्हणून तिथे पातळ पत्रा लागतोच, माझा ॲल्युमिनियमचा होता. मामांचा बोटभर जाडीचा होता.

"मामा, एवढा जड?"

"पोरा, बॉयलरचा पत्रा हाय ह्यो. ह्येला तोफ लागू व्हनार न्हाई."

शर्यतीत तोफा नसतात हे सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात बाबा म्हणाले, "शिंदे, उद्या पहिल्या पाळीक ये, पुढचा ढिला आसा." आणि ते शीळ घालायला लागले. आमच्या बाबांना शीळ येते हे मला बावीस वर्षांत माहीत नव्हतं. मी तोंड मिटलं.

पुढचा ढिला म्हणजे माझे मऊ शॉकअप. मोटोक्रॉसच्या गाडीचा प्राण तिथे असतो, उंचावरून पडलेला सगळा मार ते पितात. बाबांनी हँडल दाबून पाहिलं, गाडी खाली बसून वर आली, आणि त्यांना ते बेशिस्त वाटलं. संध्याकाळी मी दाबून पाहिलं तर माझं मनगट दुखलं, गाडी हलली नाही. चौथ्या दिवशी तावडेकाकांनी मी कातलेलं हलकं चाक काढून नवं जड चाक बसवलं.

"चाक जड असलं की गती एकसारखी राहते," ते मला समजावू लागले. "तू हलकं केलं होतंस बघ, कुणी शिकवलं तुला असं?"

"कुणी नाही, काका. चुकलं."

खरंच असं म्हणालो मी! रोज संध्याकाळी मी मनाशी ठरवून जिना उतरायचो, की आज स्पष्ट सांगायचं. गाडी हलकी हवी, मोकळी हवी, थरथरणारी हवी. आणि रोज खाली गेलो की तेलाने माखलेले तीन चेहरे माझ्याकडे वळायचे आणि मी म्हणायचो, "छान झालंय." प्रत्येक "छान"ला गाडी दोन-तीन किलोंनी वाढत होती. माझं कायम होणं रोज माझ्या डोळ्यांसमोर थोडं थोडं मरत होतं, आणि मारणारा बाप शीळ घालत होता. अशा वेळी मुलाने काय करावं? मी जिन्यात बसून राहायचो.

दहाव्या दिवशी सायलेन्सरला नवी पेटी लागली आणि आतल्या आवाजाचा निकाल लागला. बाराव्या दिवशी बाबांनी चाळीला चौकात बोलावलं. तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या. बाबांनी गाडी सुरू केली (सुरू झाली हे त्यांनी सांगितलं म्हणून कळलं), खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि टाकीवर कडेवर उभं केलं. हात काढला. नाणं उभं राहिलं. चाळीतली बहुतेक माणसं मिलवाली, त्यांना यातलं कळत होतं. एकदम टाळ्या पडल्या. शिंदेमामांनी डोळे पुसले.

"असो साचो आमच्या खात्यात एकच होतो," बाबा म्हणाले.

मीही टाळ्या वाजवल्या. काय करणार.

शर्यतीच्या दिवशी गाडी टेम्पोत चढवायला सहा जण लागले. पूर्वी मी एकटा फळीवरून ढकलायचो. बाबा, काका, मामा आणि आई टेम्पोतच बसले. ठाण्याच्या पुढच्या मैदानावर नाईकशेठ आधीच येऊन थांबले होते. त्यांनी गाडीला एक फेरी मारली. पत्र्यावर बोट वाजवलं. हँडल दाबलं. मग मला बाजूला घेतलं.

"हे काय आहे?"

"सुधारणा, शेठ."

"सुरू कर बघू."

"सुरूच आहे, शेठ."

शेठ खाली बसले. म्हणजे जिथे उभे होते तिथेच, मातीत.

झेंडा पडला. अकरा गाड्या किंचाळत, माती उडवत निघाल्या. माझीही निघाली. ती लग्नाच्या वरातीतल्या वेगाने निघाली, पण वेग मात्र अगदी एकसारखा होता, तावडेकाकांना दोष देता येणार नाही. पहिला ढिगारा ती न कुरकुरता चढली. वर पोचल्यावर सगळ्यांच्या गाड्या हवेत उडत होत्या. माझी उडाली नाही, ती फक्त खाली आली. बाबांची कारागिरी तेव्हा मला पूर्ण कळली. मशीनला एवढासुद्धा धक्का बसला नाही. तो सगळा मला बसला. माझे दात, पाठ, मान आणि ज्या भागाचा इथे उल्लेख करत नाही तो भाग, सगळं थरथरलं.

त्यापुढे चिखलाचा खड्डा होता. बाकीचे त्यावरून उडून गेले. मी त्यात गेलो आणि तिथेच राहिलो. चाकं आसापर्यंत रुतली. मी उतरलो, ढकललं, ओढलं. गाडी स्टँडशिवाय सरळ उभी होती, इंजिन चालू होतं, आणि ती हलायला तयार नव्हती. बाकीचे अकरा जण माझ्या अंगावर चिखल उडवत फेऱ्यांमागून फेऱ्या मारून गेले. पहिल्या सहांत कोण आलं ते मी गुडघाभर चिखलातून पाहिलं. रडू येत होतं. चेहऱ्यावर इतका चिखल होता की रडलो असतो तरी कुणाला कळलं नसतं, म्हणून थोडा रडलोही.

शर्यत संपल्यावर बाबा चपला हातात घेऊन खड्ड्यात उतरले. आता त्यांना सगळं कळणार, अशी मला भीती वाटली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टाकीवर तळहात ठेवला, डोळे मिटले. मग खिशातून नाणं काढून टाकीवर उभं केलं.

"बघलंस?" ते म्हणाले. "पडूक नाय."

मागे काठावर नाईकशेठ उभे होते. त्यांनी वाकून ते नाणं नीट पाहिलं. मग मला ओलांडून बाबांना म्हणाले, "तुम्ही माझ्याकडे या. मी तुम्हाला उद्यापासून कायम करतो."

घरात कायम माणूस येत होता, मी नाही तर बाबा.

बाबांनी नाणं पुसून खिशात ठेवलं. "शेठ, मी मिलमध्ये कायम आहे," ते नम्रपणे म्हणाले. "मिल सुरू झाली की मला जावं लागेल. तोपर्यंत बदली म्हणून येतो."

मिल सुरू झाली नाही. बाबा मात्र चौदा वर्षं रोज सकाळी सातला, "मिल सुरू होईपर्यंत" असं म्हणत, बदली म्हणून गॅरेजमध्ये गेले. त्यांच्या हाताखाली एक माणूस लागत होता, म्हणून मलाही रोज बोलावणं येऊ लागलं. मोटारसायकल परत कुणी पळवली नाही. तिचं इंजिन काढून शेठनी गॅरेजच्या मागे सिमेंटात पक्कं बसवलं आणि त्याला पंप जोडला, कारण पावसाळ्यात चिंचपोकळीचं सगळं पाणी आमच्या गॅरेजमध्ये यायचं. चौदा पावसाळे ते इंजिन जागचं न हलता, न थरथरता चाललं. आमच्या तिघांपैकी नाईकशेठच्या गॅरेजमध्ये कायम झालं ते एवढंच. बाबा बदली, आणि मी बदलीच्या हाताखालचा बदली.