बंद फ्लॅटमधून येणाऱ्या हाका

सुरुवातीलाच सांगते, भुतंखेतं, नजर, बाधा यातलं काहीही मी मानत नाही. "मानत नव्हते" असं लिहून पुढे मजा आणायचा माझा विचार नाही, कारण आजही मानत नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. कोणी येऊन सांगितलं की सिस्टिममध्ये काहीतरी विचित्र होतंय, तर माझा पहिला प्रश्न असतो — परत करून दाखव. एकदाच झालं आणि पुन्हा होत नसेल, तर माझ्या लेखी ते झालंच नाही. त्यामुळे हे सगळं लिहिताना माझा मलाच राग येतोय. पण ते पुन्हा करून दाखवता आलं, हीच तर पंचाईत आहे.

आमचा फ्लॅट नारायण पेठेत. बिनलिफ्टची साधी बिल्डिंग, तिसरा मजला, मजल्यावर दोनच घरं. समोर जगताप काका राहतात. वीज खात्यातून रिटायर झालेले, काकू गेल्यापासून एकटेच. दुपारी जेवण झालं की झोप, आणि त्या झोपेत कोणी व्यत्यय आणला तर त्याची खैर नाही. आणि आमची सई... पाच वर्षांची. सकाळी डोळे उघडले की तोंडाचा पट्टा सुरू. आंघोळीत बडबड, जेवताना बडबड, झोपेतसुद्धा काहीतरी चालूच. काकांनी एकदा दार वाजवून मला अत्यंत शांतपणे विचारलं होतं, "मॅडम, या मुलीला बंद करायचं बटण नेमकं कुठे दिलंय?"

गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याला, समीरला, कंपनीने दोन वर्षांसाठी नेदरलँड्सला पाठवलं. आइंडहोवन नावाचं शहर आहे. मला नोकरी सोडायची नव्हती. एवढी वर्षं घासून मिळवलेलं पद टाकून "सोबत आलेली बायको" म्हणून तिकडे बसायचं? अजिबात नाही. भांडून-भांडून माझ्या पुण्यातल्या ऑफिसकडून तिकडून काम करायची परवानगी मिळवली. अट एकच — वेळ पुण्याची पाळायची. म्हणजे तिकडच्या अंधाऱ्या पहाटे उठायचं, कानाला हेडफोन लावायचे आणि बसायचं. सगळ्या मैत्रिणी म्हणायच्या, "मज्जा आहे बाई तुझी!" काय डोंबलाची मजा. समीर ऑफिसला गेला की घर, सई, शाळेचा डबा आणि दर अर्ध्या तासाला एक मीटिंग, असा माझा युरोप.

दिवाळी झाल्यावर आम्ही गेलो. फ्लॅट भाड्याने दिला नाही, कुलूप घातलं. किल्ली माझ्या भावाकडे, मंदारकडे. विमानात सई अखंड बोलत होती, पलीकडच्या सीटवरच्या बाईंनासुद्धा तिने बोलून हैराण केलं. तिकडे पोहोचलो, झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठली ती गप्प.

पहिल्यांदा वाटलं, दमली असेल. मग वाटलं, रुसली असेल. आठवडा गेला. ती खात होती, खेळत होती, हसायची तेव्हा तोंड उघडायचं, पण आवाज म्हणून नाही. ओठ हलायचे, त्यातून काही बाहेर यायचं नाही. कुजबुजसुद्धा नाही. शाळेतल्या बाई म्हणाल्या, नवी भाषा आली की मुलं काही दिवस गप्प होतात, नॉर्मल आहे. अहो, पण घरात आम्ही मराठी बोलतो! मराठी कुठे नवीन आहे तिला? डॉक्टरकडे गेलो. तिकडच्या डॉक्टरांचं सगळ्यावर एकच — वाट बघा. आम्ही हट्ट धरला तेव्हा घसा तपासला, कान तपासले. सगळं उत्तम. मग मानसतज्ज्ञांच्या रांगेत नाव लावलं. तिकडे नंबर यायच्या आत मूल शाळा संपवून कॉलेजात जाईल अशी ती रांग.

समीरचं आणि माझं रोज वाजायला लागलं. तो म्हणायचा, तू दिवसभर हेडफोन लावून बसतेस, पोरीने बोलायचं कोणाशी? मी म्हणायचे, मग तू बस घरी. आणि सई आमच्या मधे उभी राहून आळीपाळीने दोघांची तोंडं बघायची.

अशात एके दिवशी जगताप काकांचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला.

"आपण सहकुटुंब परदेशी गेलात असं कळलं होतं. मुलीला इथेच ठेवून गेलात का? दुपारी आम्ही झोपतो याची आपणास कल्पना आहे."

मला वाटलं, काकांचं वय झालं. वरच्या मजल्यावर कोणाची तरी नात आली असेल. तसं मी नम्रपणे कळवलं. उत्तर आलं, "वरच्या मजल्यावर सध्या कोणी राहत नाही. आपल्या मुलीचा आवाज ओळखायला मला श्रवणयंत्र लागत नाही." मग दर दोन-चार दिवसांनी एकेक तक्रार. आज गाणी म्हणत होती. आज कोणाशी तरी भांडत होती. आज "आई, आई" करून डोकं उठवलं. माझी इतकी चिडचिड झाली! इकडे पोर एका शब्दासाठी तरसवतेय आणि हे गृहस्थ तिच्या बडबडीची तक्रार करतायत. मी मंदारला पाठवलं. त्याने कुलूप काढून सगळ्या खोल्या बघितल्या. धूळ, दोन झुरळं, बाकी शून्य. "ताई, काकांना एकटेपणाने भास होत असणार," तो म्हणाला. मलाही तेच पटलं, आणि मी काकांचे मेसेज वाचणंच बंद केलं.

मग ते बोटाचं झालं. सकाळची वेळ, मी कॉलवर होते. मान वळवून बघते तर सई दाराशी उभी. तिचं बोट दाराच्या फटीत अडकलेलं, तोंड आ वासलेलं, डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहतंय... आणि आवाज काहीच नाही. किती वेळ तशी उभी होती देव जाणे. मी हेडफोन फेकून धावले, बोट सोडवलं, बर्फ लावला, तिला मांडीवर घेऊन बसले. ती शांत झाल्यावर फोन हातात घेतला, तर काकांचे तीन मिस्ड कॉल आणि एक मेसेज. या वेळी त्यात टोमणा नव्हता.

"मुलगी फार जोरात रडते आहे. तिला लागलं आहे बहुतेक. दार कोणी उघडत नाही. पोलिसांना बोलावू का?"

मेसेजची वेळ बघितली. आमची सकाळ साडेचार तास पुढे केली की पुण्याची दुपार. तीच वेळ होती.

मी समीरला सांगितलं. तो म्हणाला, योगायोग. ठीक आहे, योगायोग तर योगायोग. बघू या परत होतो का. रविवारी मंदारला पुन्हा नारायण पेठेत पाठवलं. सांगितलं, दार उघडायचं नाही, नुसतं बाहेर उभं राहायचं आणि मला फोन लावून तो दाराला धरायचा. इकडे सईला मांडीवर घेतलं, समीरला शेजारी बसवलं, फोन स्पीकरवर टाकला. जिन्यातून जाणाऱ्या कोणाच्या तरी चपलांचा आवाज आला. मग सईला म्हटलं, "सई, आईला हाक मार बरं."

तिने माझ्याकडे बघून तोंड उघडलं. खोलीत काही ऐकू आलं नाही. फोनमधून, जरा घुमल्यासारखं, दाराच्या आतून आल्यासारखं, अगदी स्पष्ट आलं — "आई!"

समीर ताडकन उठून उभा राहिला. फोनमध्ये मंदार "अगं बापरे" म्हणाल्याचं ऐकू आलं. मी हट्टी. म्हटलं, सई, एखादं फळ सांग. ओठ हलले. फोनमधून आलं, "कलिंगड." बाबांचं नाव सांग. "समीर." मग तिने स्वतःहूनच काहीतरी म्हटलं आणि फोनमधून पुन्हा "आई, आई" अशा हाका यायला लागल्या. आणि तेवढ्यात त्याच फोनमध्ये समोरचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि जगताप काकांचा आवाज. मंदार तिथे उभा आहे हे त्यांच्या ध्यानीमनीही नसावं.

"ओ बाळा, ओ! आलो, आलो."

अंगावर काटा येणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

समीरने नंतर शंभर तर्क काढले. मंदारने जुना व्हिडिओ लावला असेल. फोनच्या लाइनमध्ये काही गडबड असेल. पण खोलीत का ऐकू आलं नाही, हे त्यालाही सांगता येईना. तो चिडला, मी चिडले, शेवटी मी म्हटलं, "तुझं चालू दे. मी पोरीला घेऊन घरी चालले." "दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट आहे माझं!" तो म्हणाला. "मग तू राहा," मी म्हटलं. ऑफिसला कळवलं, परत येतेय. त्यांना आनंदच झाला, त्यांचं काय जातंय.

पुण्यात उतरलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. रिक्षा मंडईवरून आली, सई बाहेर बघत बसली होती, गप्पच. माझा जीव टांगणीला लागलेला. समजा दार उघडलं आणि काहीच झालं नाही तर? समजा आम्ही वाटेत असतानाच ते जे काय होतं ते निघून गेलं असेल तर? जिन्यात काका उभे होते. सईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बाजूला सरकले. मी कुलूप काढलं. सई आत गेली, चपला न काढता, थेट हॉलच्या मधोमध. आणि शिंकली. खणखणीत! तिकडे तिची शिंकसुद्धा मुकी होती हो.

"आई," ती नाक पुसत म्हणाली, "केवढी धूळ आहे इथे!"

मी तिथेच उंबऱ्यावर बसून रडले. काका मागून म्हणाले, "झाली सुरू." आणि ते पण डोळे पुसत होते.

संध्याकाळी मी त्यांना विचारलं, "काका, तुम्ही तिच्याशी बोलायचात?"

"मग काय करणार?" ते म्हणाले. "मूल हाका मारतंय आणि घरातलं कोणी ओ देत नाही. माणसाने बसून ऐकत राहायचं?"

"पण घर बंद आहे हे तुम्हाला माहीत होतं."

"मला माहीत होतं. तिला कुठे माहीत होतं?"

आता सई पूर्वीसारखीच बडबडते. इथल्या डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, मूल ठणठणीत आहे, आईनेच जरा विश्रांती घ्यावी. समीर तिकडेच. रोज व्हिडिओ कॉलवर एकच विषय — सुट्टी लागली की पुन्हा एकदा येऊन बघा, या वेळी फ्लॅट भाड्याने देऊन टाकू म्हणजे प्रश्नच मिटेल. काय मिटेल? भाडेकरूंच्या घरात माझी मुलगी बोलत बसेल? तो म्हणतो, तू अंधश्रद्ध झालीस. मी म्हणते, तुझ्या डोळ्यांदेखत झालं ना, मग तू सांग, काय होतं ते. तो फोन ठेवतो. संसाराचे असे दोन तुकडे झालेत आणि कारण विचारलं तर चार लोकांत सांगण्यासारखं काही नाही.

मीही डोकं फोडून घेतलंय. आवाज असा एका जागी राहतो का? मंदारने दार उघडलं तेव्हा ऐकू का आला नाही? आणि बाकी सामान नीट पोहोचलं, तेवढा आवाजच नेमका मागे का राहिला? इथे वाचणाऱ्यांत बरेच जाणकार आहेत, कोणाला काही सुचलं तर जरूर लिहा. फक्त कुठल्या बाबाचा पत्ता आणि लिंबू-मिरची कळवू नका, मनःस्थिती नाही.

सईला मी मुद्दाम काही विचारलं नव्हतं. म्हटलं, विसरली तर बरंच. परवा तिला वरणभात भरवत होते, तर मध्येच म्हणाली, "आई, तिकडे मी तुला किती हाका मारायचे. तू ओ का नाही द्यायचीस?"

मी म्हटलं, "मला ऐकूच यायचं नाही गं, राणी."

"समोरचे आजोबा द्यायचे. रोज. म्हणायचे, आई कामात असेल, तू माझ्याशी बोल."

"तुला ऐकू यायचं त्यांचं?"

"हो." तिने घास गिळला आणि माझ्याकडे नीट बघून विचारलं, "ते तर इथे होते ना? आणि तू तर तिथेच होतीस."